पाण्याच्या दिवशीचा दिवा

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. केराबाई सकाळी आली नाही, भांडी मी घासली. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातले. शेवग्याच्या शेंगांची आमटी, बाजरीची भाकरी. संध्याकाळी नळाला पाणी आले; दोन्ही पिंपे आणि हौद भरला. अपेक्षाचे इंटरनेट पुन्हा बंद पडले. ती जेवली नाही.

एवढे लिहून शुभदाबाईंनी पेनाला टोपण लावले आणि डायरी मिटली. शाळेत असताना सिस्टर बेनेडिक्टांनी मुलींना रोज चार ओळी लिहायची सवय लावली होती आणि लावताना एक अट घातली होती. घडले ते लिहायचे, वाटले ते लिहायचे नाही. "वाटतं ते देवाला सांगा, वहीला नको," असे सिस्टर आपल्या अडखळत्या मराठीत म्हणायच्या. ज्या मुलीच्या वहीत 'मला फार वाईट वाटले' असे सापडे, तिला ते खोडून 'मी दूध प्यायले नाही' असे लिहायला लावायच्या. वर्गातल्या बहुतेक मुली लग्नानंतर डायरी विसरल्या. शुभदाबाई विसरल्या नाहीत. त्या कन्याशाळेत शिवण शिकवून निवृत्त झाल्या, मुलगा सतीश नोकरीसाठी पुण्याला गेला, नवरा गेला, आणि रोज संध्याकाळी त्यांनी त्या त्या दिवसाचे चार ओळींत आटोपले. नवरा गेला त्या दिवशीची ओळ अशी होती : 'दुपारी हे गेले. रात्री शेजारून पिठले-भात आला.'

आजच्या ओळींतही खोटे काही नव्हते. फक्त दोन गोष्टी एकाच क्षणी घडल्या, एवढे त्यांनी लिहिले नाही. मधल्या खोलीतला दिवा थरथरला, आणि त्याच क्षणी पुढच्या खोलीतून त्यांची नात अपेक्षा ओरडली, "गेलं! आजी, परत गेलं!"

घर तीन खोल्यांचे, एकीमागे एक. पुढच्या खोलीत अपेक्षाचा कॉम्प्युटर, मागे स्वयंपाकघर आणि मोरी, आणि मधे ती खोली. पुढून मागे जायचे तर तिच्यातूनच जावे लागे. अपेक्षा ती खोली भराभर ओलांडायची. तिथे थांबायची नाही, बसायची तर नाहीच. एकदा त्यांनी विचारले तेव्हा म्हणाली, "काही नाही गं, तिथे गार वाटतं." सोलापुरात, तेही मे महिन्यात, कुठल्या खोलीत गार वाटले तर माणूस तिथे अंथरूण टाकेल. 

त्या खोलीत शुभदाबाईंच्या नवऱ्याची, त्र्यंबकरावांची, खाट होती. चादरींच्या कारखान्यात ते रंगमास्तर होते. उभा जन्म उकळत्या रंगाच्या वाफेत गेला. नखांच्या कडा कधी जांभळ्या, कधी हिरव्या, पाहुण्यांसमोर हात मागे बांधून उभे राहायचे. निवृत्तीनंतर नखे स्वच्छ झाली तेव्हा छातीतला रंग वर आला, असे ते स्वतःच म्हणायचे आणि हसता हसता खोकायचे.

पाण्याच्या दिवसाचे मात्र त्यांना वेड होते. चार-पाच दिवसांआड पाणी; दिवस ठरलेला, वेळ ठरलेली नाही. त्या दिवशी ते लग्नालाही जात नसत. मोरीपाशी स्टूल टाकून नळाच्या पाइपावर तळहात ठेवून बसायचे. आधी हवा येते, मग पाणी. आणि हवा यायच्याही आधी पाइप आतून घुमतो. तो त्यांच्या तळहाताला कळे. मग हाक यायची, "शुभा, ऊठ. पाणी आलं."

पुढे छाती फारच बिघडली आणि घरात ऑक्सिजनचे मशीन आले. वीज गेली तर काय, म्हणून सतीशने इन्व्हर्टर बसवून दिला. दाराआड ट्रॉलीवर तो, आणि खाटेशेजारी त्याचा एकच प्लग. त्र्यंबकराव खाटेला खिळले, मोरीपर्यंत जाणे संपले. तरी पाणी आल्याचे त्यांनाच आधी कळायचे. पाणी आधी वरच्या गल्लीला येई, तिथे घरोघरी मोटारी सुरू होत, व्होल्टेज पडे आणि मशीनचा आवाज जाड व्हायचा. मशीन कण्हायला लागायचे. त्यांची छातीही त्याच्याबरोबर वरखाली व्हायची. बोलायला श्वास पुरत नसे, म्हणून ते नुसते बोट वर करत. बोट म्हणजे, ऊठ, पाणी आलं.

शुभदाबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, "सावकाश घ्या. सावकाश." ते बोट खाली घ्यायचे नाहीत. मग त्या मोरीकडे पळत, पिंपाला नळी लावत, परत पळत येत. पुन्हा तेच. सावकाश घ्या.

ते गेले तेव्हा खाटेच्या जागी रीतीप्रमाणे तेलाचा दिवा लावला, दक्षिणेला तोंड करून. तेराव्याला तो काढायचा असतो. शुभदाबाईंनी तो काढला, आणि पाहुणे जेवत असताना मशीनची पिन जिथे असायची त्या प्लगात एक झिरोचा बल्ब लावून टाकला. कुणी विचारले तर म्हणायच्या, अंधारात पाय अडखळतो. मशीन भाड्याचे होते, ते परत गेले. फरशीवर त्याच्या चाकांचे चार डाग राहिले. बल्ब राहिला. उडाला की त्या दुसरा लावायच्या. दिवसरात्र चालू.

तेराव्यानंतरच्या पहिल्याच पाण्याच्या दिवशी, तिन्हीसांजेला, त्या मधल्या खोलीतून जात असताना बल्बचा उजेड खाली गेला. वर आला. परत खाली गेला. भिंतीवरची खाटेची सावली छातीसारखी हलत होती. त्यांच्या हातातले पातेले खाली पडले. मग त्या खाटेपाशी बसल्या आणि कुणी ऐकणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "सावकाश घ्या." आणि उठून पाणी भरायला गेल्या.

तेव्हापासून त्यांचे पाणी एकदाही चुकले नव्हते.

शुभदाबाईंना व्होल्टेज कळत नव्हते असे नाही. सकाळच्या उजेडात त्यांना ते नीट ठाऊक असे. तिन्हीसांजेला, खाटेपाशी, नसे. तिथे एवढेच ठाऊक असे की ते अजून इथे आहेत, अजून त्यांना दम लागतो, आणि तरीही पाण्यासाठी त्या दोघांतले कुणीतरी उठलेच पाहिजे. आनंद होता की भीती, हे त्यांनी कधी ठरवले नाही. दिवा हलला की त्या दचकायच्या. पाण्याचा दिवस असून दिवा लवकर हलला नाही, तर पुन्हा पुन्हा येऊन बघायच्या.

धुण्याभांड्याला येणाऱ्या केराबाईने तो तेलाचा दिवाही पाहिला होता आणि हा बल्बही. होटगीची बाई, तोंडाला कुलूप माहीत नाही. म्हणायची, "बाई, दिवा काडा की आता. मानसाला वाट दिसावी म्हून दिवा लावत्यात. तुमी जागच्या जागी लावून बसलाय, मानूस जाईल कुटं?"

"पाय अडखळतो गं अंधारात."

"तुमचा का त्येंचा?" केराबाई राखेचा हात तसाच धरून विचारायची. शुभदाबाई पुढच्या खोलीत निघून जात. पण ते वाक्य रात्री उशाशी येऊन बसे. आपण त्यांना धरून ठेवले आहे का? त्या दम लागलेल्या अवस्थेतच?

अशा घरात अपेक्षा कॉलेजसाठी राहायला आली. आजीला तिची सोबत आणि तिला आजीची, असे सतीशने ठरवले. बी.सी.ए.ला होती, आणि रोज संध्याकाळी कानाला हेडफोन लावून चार मुलींबरोबर खेळ खेळायची. पाचजणींची एक टीम. कुणी अक्कलकोटला, कुणी लातूरला, एकमेकींना प्रत्यक्ष कधी पाहिलेले नाही. पडद्यावर ओसाड गाव, पडकी घरे, बंदुका. कुणी गोळी लागून पडली की दुसरीने धावत जाऊन तिला उठवायचे. भिंतीपलीकडून शुभदाबाईंना एवढेच ऐकू यायचे :

"मागे आहे! मागे बघ! तुझ्या मागे कुणीतरी आहे!"

पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा शुभदाबाई मधल्या खोलीत बल्ब पुसत उभ्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिले. तिथे खाट होती. नंतर अपेक्षाने हसून हसून सांगितले, "तुला नाही गं, रेश्माला सांगत होते."

"तिलाही असं सांगू नकोस," शुभदाबाई म्हणाल्या.

खेळाचे सारे गणित इंटरनेटवर होते. अपेक्षाने समजावून सांगितले, "हे बघ आजी, तू हाक मारलीस आणि मी 'ओ' दिली, त्यात जेवढा वेळ जातो ना, त्याला पिंग म्हणतात. तो कमी पाहिजे. जास्त झाला तर मी चाप दाबेपर्यंत समोरचा मला मारून मोकळा."

"मग तुझा पिंग फार वाईट आहे. जेवायला हाक मारते तेव्हा बघते ना मी."

"आजी!"

शुभदाबाई हसल्या, पण ती व्याख्या त्यांच्या मनात राहिली. हाक मारायची आणि 'ओ' यायची वाट बघायची. ते गेल्यापासून चार वर्षे त्या वेगळे काय करत होत्या?

नेट मात्र दगा द्यायचे. रोज नाही; मधेच एखाद्या संध्याकाळी, ऐन रंगात आल्यावर सगळे थिजायचे आणि अपेक्षा बाहेर फेकली जायची. राऊटर स्वयंपाकघरात फ्रिजवर होता. अपेक्षाने तो फळीवर ठेवला, मग लोखंडी कपाटावर, मग कपाटावर नको म्हणून पुन्हा फळीवर. सतीशने पुण्याहून महागातला प्लॅन घेऊन दिला. तरी जायचेच. अखेर नेटवाला मंजुनाथ आला. तिशीचा, घाईतला, बोलता बोलता कानडीत फोन घेणारा. त्याने दोन्ही भिंतींवर हात आपटून पाहिले.

"आजी, ह्या भिंती म्हणजे किल्ला आहेत की. वायफाय पार होणार कसं? वायरच टाकतो, स्वयंपाकघरातून थेट कॉम्प्युटरला. मग बघा ताईंचा गेम."

वायर मधल्या खोलीतून जाणार होती. भिंतीला भोक पाडायला त्याला प्लग हवा होता. "दिवसाढवळ्या दिवा कशाला हो आजी?" म्हणत त्याने बल्बला हात घातला.

"हात लावू नका त्याला!"

घरात हा आवाज कुणी ऐकला नव्हता. अपेक्षा पुढच्या खोलीतून धावत आली. मंजुनाथने हात असा मागे घेतला, जणू शॉक बसला. "बरं बरं," तो म्हणाला, आणि स्वयंपाकघरातून जोडणी घेऊन काम उरकले. पुढचे दोन-तीन दिवस नेट इतके छान चालले की अपेक्षाने आजीला मिठी मारली. आणि मग तो मंगळवार आला. दिवा थरथरला, आणि "गेलं! आजी, परत गेलं!"

शुभदाबाई त्या वेळी खाटेपाशी होत्या. "सावकाश घ्या" हे शब्द अर्धे तोंडात होते. त्यांना एकदम कळले की ही दोन्ही कामे एकाचीच आहेत. बल्बचा दम आणि मुलीची ओरड, दोन्ही वरच्या गल्लीतल्या मोटारींतून येतात. कळले, आणि त्यापाठोपाठ दुसरेही कळले. ही गोष्ट सांगितली तर मंजुनाथ परत येईल. तो व्होल्टेजवर काहीतरी उपाय करील. आणि मग दिवा हलणार नाही.

त्या मोरीत गेल्या. पाणी भरले, डायरी लिहिली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी त्या मुद्दाम मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. एका बाजूला बल्ब दिसेल, दुसऱ्या बाजूला अपेक्षाची पाठ. संध्याकाळ झाली. केराबाई भांडी आपटत होती. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला. उजेड खाली गेला, वर आला, खाली गेला, फार खाली गेला, आणि अपेक्षाचे खांदे पडले. या वेळी ती ओरडली नाही. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि मोबाइलवरून मुलींना फोन लावला. स्पीकरवर रेश्माचा आवाज आला, लहान मुलीसारखा पातळ, पण धार असलेला.

"हरायला लागलो की हिचंच नेट कसं जातं गं बरोबर?"

"अगं खरंच गेलं. राऊटरच बंद होऊन चालू होतोय."

"दर वेळी? वायर टाकली म्हणालीस ना? अपेक्षा, भीती वाटते तर सांग ना सरळ. पळून कशाला जायचं?"

"मी पळत नाही! आईशप्पथ, रेश्मा."

"शनिवारी फायनल आहे. तुझ्या जागी दुसरी बघतो आम्ही. राग मानू नको."

फोन बंद झाला. अपेक्षाने मोबाइल पालथा ठेवला. शुभदाबाई उंबऱ्यावर उभ्या. त्यांना सिस्टर बेनेडिक्टा आठवल्या नाहीत, देव आठवला नाही. आठवले ते एवढेच की खोटे न बोलणाऱ्या पोरीला खोटी ठरवले गेले आणि खरे काय ते या घरात एकाच माणसाला माहीत आहे. मागे बल्ब अजून धापा टाकत होता. मोरीत पाणी वाजायला लागले. पहिल्यांदाच त्या पाण्याकडे लगेच गेल्या नाहीत.

"अपेक्षा," त्या म्हणाल्या, "पाणी येतं तेव्हा तुझं नेट जातं."

"काय?"

"पाण्याच्या दिवशीच जातं. वरच्या गल्लीत मोटारी लागल्या की व्होल्टेज पडतं. राऊटरला ते सोसत नसावं."

अपेक्षाने डोळे पुसले. "तुला कसं माहीत?"

"दिवा हलतो."

अपेक्षाने त्यांच्या खांद्यावरून मधल्या खोलीत पाहिले. उजेड खाली जात होता, वर येत होता. ती कितीतरी महिने या खोलीतून पळत गेली होती, तिने हे कधी नीट पाहिलेच नव्हते. "बाप रे," ती हळूच म्हणाली. मग, "आजी, आधी का नाही सांगितलंस?"

"तू दिव्याबद्दल कधी विचारलंस?"

उत्तर बरोबर नव्हते, दोघींनाही कळले. पण अपेक्षाने ते घेतले आणि मंजुनाथला फोन लावला.

मंजुनाथ शुक्रवारी दुपारी आला. अपेक्षा कॉलेजला गेली होती. सगळे ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "व्होल्टेज! हे माझ्या डोक्यातच आलं नाही की. मी भिंतींना शिव्या देत बसलो." मग दाराआडच्या ट्रॉलीकडे पाहून त्याचा चेहरा खुलला. "इन्व्हर्टर घरातच आहे! मग काय पाहिजे आजी? राऊटर इथं आणतो, कॉम्प्युटरची वायर पण इथूनच देतो. ह्या प्लगावर एक बोर्ड लावू. तुमचा दिवा राहू दे त्याच्याच जागी. मी हात लावत नाही, बघा."

शुभदाबाईंनी मान हलवली. त्यांना क्षणभर सुटल्यासारखे वाटले. दिवा राहणार होता.

मंजुनाथ ट्रॉलीमागे वाकला आणि मोबाइलच्या उजेडात काहीतरी बघून हसला. "हे बघा! म्हणूनच. मागं बटण असतं. इकडं केलं तर पंखे-दिव्यांसाठी. लाईट पूर्ण गेली तरच बॅटरी लागते, नुसतं व्होल्टेज पडलं तर नाही, पडलेलं व्होल्टेज तसंच पुढं जातं. तिकडं केलं तर कॉम्प्युटरसाठी. व्होल्टेज जरा पडायला लागलं की लगेच बॅटरी. पुढं जोडलेल्या वस्तूला कळतसुद्धा नाही. तुमचं बटण पहिल्यापासून पंख्यांवर आहे."

"दिव्यालाही कळणार नाही?"

"दिवा हलणार पण नाही आजी. एकदम शांत."

शुभदाबाईंनी खाटेच्या कडेला हात टेकला. "इथे आधी मशीन होतं," त्या म्हणाल्या. "ऑक्सिजनचं. यांच्यासाठी. पाणी आलं की ते कण्हायचं. तेव्हाही बटण असंच होतं का?"

"कुणी हलवलं नसेल तर असंच असणार की."

"तेव्हा ते तिकडे केलं असतं तर?"

मंजुनाथ ट्रॉलीमागून उठला. आता तो घाईत नव्हता. त्याने फरशीवरचे चाकांचे चार डाग पाहिले, खाट पाहिली, बल्ब पाहिला. खोटे बोलावे असे त्याच्या तोंडावर आले होते, ते शुभदाबाईंना दिसले.

"मशीन कण्हलं नसतं, आजी," तो म्हणाला.

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. शुभदाबाईंना ते बोट दिसत होते, वर केलेले. पाणी आलं, ऊठ. आणि त्या बोटाखालची छाती, जी एका बटणापायी धापा टाकत राहिली होती, दर पाण्याच्या दिवशी, कितीतरी महिने. कुणाला ठाऊक नव्हते. बसवणाऱ्याने सांगितले नव्हते, सतीशने विचारले नव्हते, त्यांनी तर ट्रॉलीच्या मागे कधी झाडूही नीट घातला नव्हता.

"करू का मग?" मंजुनाथने विचारले.

"आधी चहा घ्या."

"नको आजी, आत्ताच घेतला."

"चहा घ्या," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आले किसले. दूध उतू जाईपर्यंत ओट्याशी उभ्या राहिल्या. बशीत दोन बिस्किटे ठेवली, मग आणखी दोन. मंजुनाथने चहा घेतला, बिस्किटे खाल्ली, मोबाइल बघितला आणि पुन्हा नाही विचारले. कप रिकामा झाला तेव्हा शुभदाबाईंनी तो स्वतः उचलला. खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "करा."

काहीच आवाज झाला नाही. एवढ्या लहान गोष्टीला आवाज तरी काय असणार?

शनिवारी सकाळी केराबाईने राऊटरचे हिरवे दिवे मधल्या खोलीत लुकलुकताना पाहिले आणि पदर तोंडाला लावला. "अगं बया. एक हुता, आता लई झाले." अपेक्षा खो खो हसली. तिने टीमला सगळे सांगितले होते. रेश्माने एक संधी देऊ असे म्हटले होते, पण तिचा आवाज अजून तसाच होता. पाण्याचा दिवस होता आणि फायनल संध्याकाळी. अपेक्षाने जेवताना विचारले, "आज जर गेलं तर?"

"नाही जाणार," शुभदाबाई म्हणाल्या. त्यांना ते जावे असे वाटत होते की जाऊ नये, हे त्यांनी स्वतःलाही विचारले नाही.

दिवेलागणीला त्यांनी देवापाशी निरांजन लावले आणि मधल्या खोलीत येऊन खाटेच्या कडेला बसल्या. पुढच्या खोलीत खेळ सुरू झाला होता. बाहेरचा उजेड गेला. बल्ब पिवळा, स्थिर. त्याच्याखाली राऊटर. शुभदाबाई बल्बकडे बघत राहिल्या. आता हलेल. हा माणूस म्हणाला म्हणून काय झाले, आजवर कधी चुकले नाही, आता हलेल. डोळ्यांत पाणी आले की उजेड आपोआप थरथरल्यासारखा दिसे. मग त्या डोळे पुसत आणि तो पुन्हा स्थिर होई.

"रेश्मा पडली! रेश्मा, हलू नको, मी येते!"

खाटेची सावली भिंतीवर निश्चल होती. अशी निश्चल त्यांनी ती कधी पाहिली नव्हती. त्यांनी हळूच हाक मारली. मोठ्याने नाही, लग्नानंतर जशी मारायच्या तशी, नाव न घेता. "अहो."

"उठवते, उठवते तुला, थांब," भिंतीपलीकडून अपेक्षाचा आवाज. मग टाळ्या, किंकाळ्या, कुणाचे तरी रडणे की हसणे.

शुभदाबाई 'ओ' ची वाट बघत होत्या. किती वेळ, ते त्यांना कळले नाही. मागच्या दारावर थाप पडली.

"बाई! ओ बाई!" केराबाई संध्याकाळच्या भांड्यांना आज उशिरा आली होती. "झोपलाय व्हय? पानी येऊन किती येळ झाला! गल्लीत लोकांचं भरून बी झालं. तुमचा नळ न्हानीत नुसता वाहतोय!"

शुभदाबाई उठल्या. तेव्हा त्यांचे लक्ष दाराआडच्या ट्रॉलीकडे गेले. इन्व्हर्टरवरचा रोज हिरवा असणारा ठिपका बॅटरी लागल्याने तांबडा झाला होता. केव्हा झाला, त्यांनी पाहिलेच नव्हते; त्या दिव्याकडे बघत बसल्या होत्या. पाणी केव्हाच आले होते. वरच्या गल्लीतल्या मोटारी लागल्या होत्या. आणि कुणालाही दम लागला नव्हता.

त्या मोरीत गेल्या. नळाची धार बारीक झाली होती. केराबाईने तोवर पिंपाला नळी लावली होती. "आजपातूर कदी चुकलं न्हाय तुमचं पानी," ती म्हणाली. मग शुभदाबाईंचा चेहरा पाहून भांड्यांकडे वळली. धार करंगळीएवढी झाली, मग थेंब, मग पाइपातून हवा परत जाताना येतो तो लांब आवाज. शुभदाबाईंनी पाइपावर तळहात ठेवला. तो आवाज थांबेपर्यंत तसाच ठेवला.

अपेक्षा धावत आली. मधल्या खोलीतून, पण या वेळी पळत नाही आली, नाचत आली. "आजी! एकदाही गेलं नाही! आणि रेश्माला मीच उठवलं! हरलो आम्ही, पण शेवटपर्यंत होते मी. सगळ्यांनी बघितलं. आजी? रडतेस का?"

"पाणी चुकलं गं," शुभदाबाई म्हणाल्या.

"एवढंच ना? टँकर मागवू."

"टँकर नको. पुरवू."

जेवणे झाली. केराबाई गेली. अपेक्षा फोनवर मुलींशी हसत होती; रेश्माचा पातळ आवाज मधेच यायचा, आता त्याची धार गेली होती. शुभदाबाई मधल्या खोलीत आल्या.  केराबाईच्या म्हणण्याचा विचार त्यांच्या मनात होता की नाही कोण जाणे. त्यांनी वाकून बल्ब होल्डरसकट प्लगातून काढला. खोलीत राऊटरचे हिरवे दिवे तेवढे राहिले. काच गरम होती. त्या खाटेवर बसल्या आणि तो दोन्ही हातांत धरून ठेवला, पदरात न गुंडाळता, चटका बसला तरी. हळूहळू ऊब कमी झाली. पार निवला तेव्हा त्यांनी तो कपाटात, त्र्यंबकरावांच्या चष्म्याच्या डबीशेजारी ठेवला. अंधारात पुढच्या खोलीकडे येताना त्यांचा पाय कशालाही अडखळला नाही.

मग त्यांनी डायरी उघडली. तारीख घातली. वरच्या ओळींत मॅच, केराबाईचे उशिरा येणे, मुगाची खिचडी. शेवटची ओळ लिहायच्या आधी पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिले, शाईचा एक ठिपका पडला. मग लिहिले :

एकच पिंप भरले, तेही अर्धे. उद्या धुणे नाही.